वस्तीतला दवाखाना टिकतो कशावर?

सातपूरचं स्वारबाबानगर, अंबडजवळची चुंचाळ्याची घरकुलं, पंचवटीतलं फुलेनगर, वडाळागाव. नाशिकच्या अशा कुठल्याही वस्तीत संध्याकाळी सातनंतर चक्कर मारली की डॉक्टरांच्या दाराबाहेर चपलांचा ढीग दिसतो. आतला व्यवहार पाच मिनिटांचा असतो. ताप किती, कधीपासून, एक इंजेक्शन, आणि कागदाच्या पुडीत बांधलेल्या तीन रंगांच्या गोळ्या. "दोन दिवसांनी दाखवून जा." पुडीवर गोळीचं नाव नसतं, त्यामुळे तिसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरकडे जावं लागलं तर आधी काय घेतलं ते कुणालाच सांगता येत नाही. शंभर-दीडशे रुपये जातात, ताप बहुधा उतरतो, माणूस कामावर जातो.

याच वस्त्यांमध्ये चांगल्या हेतूने स्वस्त दवाखाने सुरू होतात. कधी एखादी संस्था काढते, कधी कंपनीच्या सामाजिक निधीतून निघतो, कधी तळमळीचे डॉक्टर वीस रुपयांत तपासायला बसतात. पहिल्या वर्षी गर्दी असते आणि दोन-तीन वर्षांत शटर खाली येतं. लोक म्हणतात, डॉक्टर गेले. डॉक्टर का गेले, याचं उत्तर बहुतेक वेळा हिशोबाच्या वहीत असतं. तो हिशोब समजून घेतला तर स्वस्त आरोग्यसेवा टिकवायला काय लागतं, हेही उलगडत जातं.

एक दवाखाना मांडून बघू. आकडे मी समजुतीसाठी धरतोय, पण वास्तवापासून फार लांबचे नाहीत. एक एमबीबीएस डॉक्टर ८० हजार, सिस्टर २२ हजार, औषधं देणारा फार्मासिस्ट १८ हजार, रक्त-लघवी तपासणारा तंत्रज्ञ १८ हजार, घरोघरी फिरणाऱ्या दोन आरोग्यसेविका मिळून २० हजार, जागेचं भाडं २० हजार, वीज-पाणी, साफसफाई आणि सुया-कापसाचा कचरा उचलणाऱ्याचे १२ हजार. बेरीज १ लाख ९० हजार. एकही पेशंट आला नाही तरी हा खर्च दर महिन्याला आहेच. शिवाय प्रत्येक पेशंटमागे औषधं आणि साध्या तपासण्यांचे सरासरी ७० रुपये धरू.

महिन्याचे २५ दिवस आणि रोज ४० पेशंट म्हणजे महिन्याला १,०००. एका पेशंटमागे १९० अधिक ७०, म्हणजे २६० रुपये पडले. रोज ८० आले तर हाच आकडा १६५ वर येतो. रोज २० च आले तर ४५० वर जातो. दवाखाना तोच, माणसं तीच, सेवाही तीच. फरक फक्त किती लोक आले याचा आहे.

आता नाशिकचं वर्ष आठवा. जुलै ते सप्टेंबर डेंग्यू, जुलाब, व्हायरल, तेव्हा उभं राहायला जागा नसते. दिवाळीला अर्धी वस्ती गावी जाते. पेठ-सुरगाण्याहून आलेली कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांकडे वळतात. ज्या दवाखान्याची मिळकत फक्त आलेल्या पेशंटवर आहे, त्याची मिळकत वर्षभर खाली-वर होते. पगार आणि भाडं मात्र जागेवर उभं असतं. आणि लोक निरोगी राहिले तर दवाखाना तोट्यात जातो, ही यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

म्हणून पेशंटच्या खिशावर चालणाऱ्या दवाखान्यापुढे दोन वाटा उरतात. एक बंद होण्याची. दुसरी प्रत्येक पेशंटकडून थोडं जास्त काढण्याची. सलाईन लावायची, गरज नसलेलं इंजेक्शन द्यायचं, ठरावीक लॅबकडे पाठवायचं. यात डॉक्टर वाईटच असतो असं मला वाटत नाही. सलाईनची मागणी पेशंटकडूनही येते. "सिस्टर, नुसत्या गोळ्यांनी काय होणार? एक सुई मारून द्या, उद्या कामावर जायचंय," हे वाक्य वस्तीतल्या कुठल्याही दवाखान्यात ऐकू येईल. मागणारा घाईत आणि देणारा हिशोबात, असं दोघांचं जुळतं. नुकसान शरीराचं होतं.

दवाखाना फुकट, पण खाडा महाग

आता कुटुंबाच्या बाजूने तोच व्यवहार पाहू. सकाळच्या ओपीडीत केसपेपर फुकट मिळतो आहे, असं धरू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत झालेच आहेत. पण त्या ओपीडीला जायचं तर कामावर खाडा पडतो. हजेरी ६०० रुपये असेल तर तेवढे गेले. रिक्षाचे ८० गेले. धुणंभांडी करणारी बाई असेल तर तीन घरी फोन करून "आज येत नाही" म्हणावं लागतं आणि महिन्याला असे चार दिवस झाले की कामच सुटतं. म्हणजे सकाळी अकराचा फुकट दवाखाना ६८० रुपयांना पडतो आणि रात्री आठचा पैशाचा दवाखाना १५० रुपयांना. लोक खासगीत जातात ते अडाणी म्हणून नव्हे, त्यांचा हिशोब पक्का असतो म्हणून.

ही गोष्ट सरकारी कागदात कुणाला माहीत नव्हती असं नाही. खेड्यांसाठी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र अशी उतरंड कधीची होती. शहरी गरिबांसाठी तशी रचना देशपातळीवर उभी राहायला २०१३ साल उजाडलं. त्या वर्षी राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान आलं. ५० हजार लोकांमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र आणि २०० ते ५०० घरांमागे एक 'आशा', म्हणजे वस्तीतलीच आरोग्य कार्यकर्ती, हे त्याचं माप. ओपीडी शक्यतो दुपारी १२ ते रात्री ८ असावी, असंही त्याच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पुढे राज्यात 'आपला दवाखाना' सुरू झाला, त्याची वेळ दुपारी २ ते रात्री १० ठेवली गेली. वेळेचं महत्त्व ओळखणारा हा निर्णय मला मनापासून पटलेला आहे. इमारत साधी असली तरी चालते, पण कंपनी सुटल्यावर दार उघडं हवं.

२०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीत सुमारे १४ लाख ८६ हजार लोक होते. पन्नास हजाराला एक या मापाने तेव्हाच ३० केंद्रं लागत होती. त्यानंतर पाथर्डी, म्हसरूळ, आडगाव बाजूला शहर किती पसरलं ते आपण रोज बघतो.

पाच लाखांची योजना आणि बीपीची गोळी

"आता तर पाच लाखांपर्यंत उपचार फुकट आहेत, मग अडचण कसली?" हा प्रश्न हमखास येतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या दोन्हींमध्ये राज्यातल्या कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते खरोखर मोठं आहे. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, डायलिसिस यांत घरं विकायची वेळ येते, तिथे ही योजना आधार देते. मात्र ती मुख्यतः रुग्णालयातल्या उपचारांसाठी आहे. ताप, खोकला, महिन्याची बीपीची गोळी, शुगरची तपासणी यांत बसत नाही. आणि कुटुंबाचा पैसा झिरपत जातो तो याच जागी. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के लोक स्वतःच्या खिशातून करत होते. २०२१-२२ पर्यंत हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आलं. सुधारणा मोठी आहे. तरीही शंभरातले जवळपास चाळीस रुपये अजून खिशातूनच जातात आणि त्यात औषधांचा वाटा मोठा असतो.

बीपीचं उदाहरण जरा जवळून बघू, कारण सगळा प्रश्न त्यात सापडतो.

चाळिशीतला माणूस, अंबडच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लोडिंगला. डोकं दुखतं म्हणून दाखवलं तर बीपी १७०/१००. अॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम, रोज एक गोळी. ही गोळी जुनी आहे, स्वस्त आहे, सरकारच्या घाऊक खरेदीत एक रुपयाच्याही आत पडते. पहिल्या महिन्यात डोकं दुखायचं थांबतं. बीपी दुखत-खुपत नाही, त्यामुळे दुसऱ्या महिन्यात स्ट्रिप संपली की मेडिकलवर जायचं राहून जातं. केंद्रात गेला तर पंधरा दिवसांच्याच गोळ्या मिळतात, म्हणजे पुन्हा खाडा. कधी "स्टॉक संपलाय, बाहेरून घ्या" अशी चिठ्ठी हातात येते. घरात मुलीची फी भरायची असते. गोळी बंद होते. चार-पाच वर्षांनी पॅरालिसिसचा झटका येतो किंवा किडनी जाते. मग आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चार तास डायलिसिस. त्याचा खर्च योजना उचलते, पण ज्याचे आठवड्याचे दोन-तीन दिवस मशीनवर जातात त्याला हजेरी कोण देणार? घर चालवायला मग बायको आणखी दोन घरची कामं धरते आणि मुलगी शाळा सोडून धाकट्याला सांभाळते.

एक रुपयाच्या आतली गोळी रोज पोचली नाही म्हणून लाखोंचा खर्च आणि एका घराची घडी मोडली. मला या सगळ्या विषयात याहून जास्त टोचणारी गोष्ट दुसरी नाही.

ही गोळी पोचवायला मोठा डॉक्टर लागत नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातलेही जिल्हे सुरुवातीपासून होते. त्याची रीत साधी आहे. सगळ्यांसाठी ठरलेली एकच उपचारपद्धती, किमान महिनाभराच्या गोळ्या, बीपी सिस्टरने मोजायचं, आणि जो आला नाही त्याचं नाव यादीत दिसलं पाहिजे म्हणजे त्याला फोन करता येतो. तमिळनाडूने २०२१ पासून बीपी-शुगरची औषधं घरपोच द्यायला सुरुवात केली. आमच्या जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० पासून गावातल्या, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवून हेच दाखवलं होतं. वस्तीतली बाई तिच्या गल्लीतल्या वीस माणसांचं बीपी कुठल्याही ओपीडीपेक्षा नेमाने बघू शकते. डॉक्टरचा वेळ त्यामुळे खरोखर गरज असलेल्यासाठी मोकळा राहतो आणि वर मांडलेल्या हिशोबातला दर पेशंटचा आकडा खाली येतो.

पैसे आजारपणाच्या आधी

आता मुख्य मुद्दा. दवाखाना टिकवायचा असेल तर त्याचे पैसे आजारी माणसाकडून, आजारी असताना घ्यायचे नाहीत. सगळ्यांकडून, थोडे थोडे, आधी गोळा करायचे. भिशी कशी चालते ते आपल्याला माहीत आहे. सगळ्या दर महिन्याला भरतात, म्हणून जिचा नंबर येतो तिला मोठी रक्कम मिळते. इथे नंबर आजारपण लावतं, एवढाच फरक.

आपल्याच दवाखान्याला हे लावून बघू. २ हजार कुटुंबं, सरासरी साडेचार माणसं, म्हणजे ९ हजार लोक. प्रत्येक जण वर्षात दोनदा आला तर वर्षाला १८ हजार आणि महिन्याला दीड हजार भेटी. खर्च १ लाख ९० हजार अधिक १ लाख ५ हजार, म्हणजे २ लाख ९५ हजार. भागिले २ हजार. घरटी महिन्याला साधारण १४८ रुपये पडले. वस्तीतल्या डॉक्टरची एका तापाची फी जवळपास तेवढीच आहे, आणि इथे त्यात अख्ख्या घराची महिन्याची काळजी बसते. शिवाय लोक निरोगी राहिले तर आता दवाखान्याचा फायदा होतो, कारण औषधाचा खर्च वाचतो. सलाईन लावायचं कारणच उरत नाही.

मग असे दवाखाने गल्लोगल्ली का नाहीत? कारण ऐच्छिक वर्गणीत एक जुनी खोच आहे. ज्या घरात शुगरची आजी आहे ते घर लगेच नाव नोंदवतं. ज्या घरात तीन तरणेताठे आहेत ते म्हणतं, बघू पुढच्या महिन्यात. हळूहळू आजारी घरंच उरतात, खर्च वाढतो, वर्गणी वाढवावी लागते, मग उरलेली धडधाकट घरंही निघून जातात. शिवाय हातावर पोट असलेल्या घराला दर महिन्याच्या पाच तारखेला १४८ रुपये काढणं सोपं नसतं. त्यामुळे एकेकट्या घराची नोंदणी करून हे चालत नाही. अख्खा बचत गट एकदम आला, अख्खी घरकुल सोसायटी आली, कारखान्याने सगळ्या कामगारांची नावं घातली, तरच निरोगी आणि आजारी यांचं मिश्रण टिकतं. अहमदाबादला 'सेवा' संघटनेतल्या बायकांनी १९९० मध्ये आरोग्याची सहकारी संस्था काढली. त्यांनी स्वस्त औषधांची दुकानं चालवली आणि त्या मिळकतीचा आधार आरोग्याच्या कामाला दिला. सहकार आपल्याकडे दूध आणि द्राक्षापर्यंत पोचला, आरोग्यापर्यंत फारसा नाही, याचं मला वाईट वाटतं.

आधी गोळा केलेल्या पैशाची दोन मोठी तळी मात्र नाशिकमध्ये आधीच भरलेली आहेत आणि त्यांच्याकडे आपलं लक्ष कमी जातं.

पहिलं कामगार विम्याचं, म्हणजे ईएसआयचं. दहा किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत ज्याचा पगार महिन्याला २१ हजारांपर्यंत आहे तो यात येतो, ठेकेदाराकडचा असला तरी. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगार १४ हजार असेल तर कामगाराचे १०५ आणि मालकाचे ४५५, म्हणजे महिन्याला ५६० रुपये त्या घराच्या नावाने जमा होतात. आपल्या काल्पनिक दवाखान्याच्या जवळपास चौपट. त्यात नवरा-बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील यांचे ओपीडीपासून ऑपरेशनपर्यंतचे उपचार येतात. सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कमही मिळते. वर ज्या खाड्याचं सांगितलं, त्यावरचं औषध हेच. सातपूरला यासाठी रुग्णालयही आहे.

पण सातपूर-अंबडच्या कितीतरी कामगारांना आपला विमा क्रमांक माहीत नसतो. ठेकेदार बदलला की नोंद अडकते, मध्ये ब्रेक दिला की ७८ दिवस भरत नाहीत. बायको-मुलांची नावं चढवलेलीच नसतात. पगाराची पावती मागा, त्यावर ईएसआयची कपात दिसते का बघा, आणि ई-पहचान कार्डावर, म्हणजे ईएसआयच्या ओळखपत्रावर, घरातल्या प्रत्येकाचं नाव चढवून घ्या. कपात दिसते पण क्रमांक मिळत नाही, असं असेल तर ती तक्रारीची बाब आहे.

दुसरं तळं कराचं. नाका कामगार, भाजीवाली, घरकाम करणारी, रिक्षावाला हे ईएसआयमध्ये येत नाहीत. त्यांच्यासाठी महापालिकेचं केंद्र हाच आधीच पैसे भरलेला दवाखाना आहे. साबणापासून मोबाईलच्या रिचार्जपर्यंत प्रत्येक खरेदीत त्यांनी कर भरलेला असतो. त्याला 'फुकट' म्हणायची सवय लागल्यामुळे मागणी करताना आवाज खाली जातो. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने आरोग्यावरच्या सरकारी खर्चातला दोन तृतीयांश किंवा जास्त वाटा प्राथमिक सेवेला द्यावा असं म्हटलं आहे. २०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात मोठी कामं चालली आहेत. पर्वण्या संपल्यावरही वस्त्यांना वापरता येईल अशी आरोग्याची कायमची सोय त्यातून उभी राहावी, एवढी अपेक्षा रास्त आहे.

वर्गणीचा दवाखाना असो की कराचा, एक चिठ्ठी त्याला पाडू शकते: "बाहेरून घ्या." दोनदा ती मिळाली की बाई तिसऱ्यांदा येत नाही. मग ओपीडीचा आकडा पडतो, दर पेशंटचा खर्च वाढतो आणि पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणतं, इथे गर्दीच नाही तर केंद्र कशाला? औषधं नियमित असणं हा म्हणून टिकण्याचाच भाग आहे. तमिळनाडूत १९९५ पासून एक स्वतंत्र महामंडळ सगळ्या सरकारी दवाखान्यांसाठी औषधं घाऊक विकत घेतं आणि गोदामांतून पुरवतं. महाराष्ट्राने त्या धर्तीवर प्राधिकरणाचा कायदा २०२३ मध्ये केला. नाशिकच्या वस्तीतल्या बाईला त्याची परीक्षा एकाच ठिकाणी घेता येते, केंद्राच्या औषधखिडकीवर.

तसंच माणसांचं. कंत्राटी डॉक्टर सहा महिन्यांत बदलत राहिला तर कुणी त्याला घरातली खरी गोष्ट सांगत नाही. दारू, मारहाण, राहिलेली पाळी, बंद केलेली गोळी, हे सगळं ओळखीच्या माणसालाच कळतं. आशाताई आणि सिस्टर टिकल्या तर दवाखाना टिकतो. त्यांचं मानधन वेळेवर देणं हा मला औषधाइतकाच जरुरीचा खर्च वाटतो.

नागरी अभियानात ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद आहे आणि तिला वर्षाला ५ हजार रुपयांचा निधी मिळतो. आपल्या गल्लीत ती आहे का, शेवटची कधी बसली, हे आशाताईंना विचारता येतं. तिच्या बैठकीत तीन गोष्टी विचारायच्या: केंद्र संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडं असतं, बीपी-शुगरच्या गोळ्या गेल्या तीन महिन्यांत किती दिवस संपल्या होत्या, आणि मंजूर पदांपैकी किती रिकामी आहेत. उत्तर मिळालं नाही तर हेच तीन प्रश्न माहिती अधिकाराच्या अर्जात लिहून महापालिकेच्या वैद्यकीय विभागात द्यायचे. अर्जाला १० रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कार्डधारकाला तेही नाहीत, आणि उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते.